पत्ता बदलला तरी पाटीवरचा बहावा सापडला पाहिजे

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि मराठी

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. तळजाई आणि वेताळ टेकडीवरच्या झाडांबद्दल २००९ पासून ब्लॉगस्पॉटवर मराठीत लिहिते. तीनशेच्या वर नोंदी झाल्या आहेत. आमच्या सोसायटीने बागेतल्या झाडांजवळ क्यूआर कोडच्या पाट्या लावल्या आहेत. बहाव्याची पाटी स्कॅन केली की माझी बहाव्यावरची नोंद उघडते, तामणाची केली की तामणाची. (पाट्या जमिनीत रोवल्या आहेत, झाडाला एकही खिळा मारू दिलेला नाही.) आता भाचा म्हणतो, "मावशी, स्वतःच्या नावाचा पत्ता घे आणि रूपही बदल, हे फार जुनाट दिसतं." त्याने नवीन थीम लावून दाखवली. दिसायला छान आहे, पण शीर्षकांची अक्षरं मला सुटी सुटी वाटतात. का, ते नेमकं सांगता येत नाही. जुन्या ब्लॉगवर 'आम्ही नव्या जागी गेलो आहोत' अशी एक नोंद टाकली की झालं, असं त्याचं म्हणणं. माझं मन घेत नाही. पाट्यांचं काय होईल? फोटो आणि प्रतिक्रिया राहतील का? पत्ता देवनागरीत घ्यावा का? एक स्नेही वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवायच्या दुसऱ्या सोयीवर जा म्हणतात, त्याचं काय करू?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : स्वतःचा पत्ता घे, हे भाच्याचं म्हणणं अगदी योग्य आहे. तुमचं मन घेत नाही तेही योग्य आहे. 'एक नोंद टाकली की झालं' एवढं मात्र खरं नाही, आणि खरं काम नेमकं तिथेच आहे.

लक्ष्मी रस्त्यावरचं दुकान हललं की बंद शटरवर कागद लागतो : आम्ही कुमठेकर रस्त्यावर गेलो आहोत. दुकानाला तेवढं पुरतं, कारण गिऱ्हाईक नव्या दुकानात जाऊन काउंटरवर विचारतं. तुमच्या ब्लॉगला काउंटर नाही. सोसायटीच्या बागेत बहाव्याजवळ उभी राहून शाळेतली मुलगी कोड स्कॅन करते, तेव्हा तिला बहावाच हवा असतो. तिला नव्या ब्लॉगच्या पहिल्या पानावर नेऊन सोडलं आणि 'आता शोध' म्हटलं, तर ती फोन खिशात टाकून खेळायला जाईल, आणि तामणाची पाटी स्कॅन करायला पुन्हा येणार नाही. म्हणून पत्ता बदलताना माझी एकच अट असते : जुन्या प्रत्येक नोंदीचा दुवा त्याच नोंदीवर पोचला पाहिजे. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालतं.

याची सोय वेबमध्ये आहे. ब्राउझर एखादं पान मागतो तेव्हा सर्व्हर (पानं जिथे साठवलेली असतात तो संगणक) आधी तीन आकडी खूण पाठवतो. २०० म्हणजे पान आहे, ४०४ म्हणजे सापडत नाही. ३०१ म्हणजे हे पान कायमचं अमुक पत्त्यावर गेलं आहे, तिकडे जा. ब्राउझर निमूटपणे तिकडे जातो, वाचकाला जाणवतही नाही. शोधयंत्रंही ती खूण वाचतात आणि जुन्या पत्त्याचा मान नव्याला देतात. ३०२ अशीही एक खूण आहे, पण ती तात्पुरत्या बदलाची. तुम्हाला ३०१ हवी.

तुमच्या बाबतीत हे सगळं हाताने करावं लागणार नाही, फक्त आत्ता ब्लॉगर (ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग चालवणारी गूगलची सेवा) सोडू नका. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घ्या आणि तो आहे त्याच ब्लॉगला जोडा. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम डोमेन' म्हणून जागा आहे. तिथे नवा पत्ता नोंदवला की जुन्या ब्लॉगस्पॉटच्या दुव्यावर येणारा प्रत्येक वाचक आपोआप नव्या पत्त्यावरच्या त्याच नोंदीवर जातो. नोंदी हलत नाहीत, फोटो हलत नाहीत, प्रतिक्रिया जागच्या जागी राहतात. बदलतो तो दुव्याचा फक्त पहिला भाग. पुढचा वर्ष, महिना आणि नोंदीचं नाव हा भाग अक्षर न अक्षर तोच राहतो.

तो पुढचा भाग एकदा नीट पाहा. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगरला त्यातून रोमन नाव बनवता येत नाही, मग तो 'ब्लॉग-पोस्ट' असं देऊन मोकळा होतो. त्याच महिन्यातल्या पुढच्या नोंदींना मागे आकडे जोडतो. तुमची पांगाऱ्यावरची नोंद '२०११/०३/ब्लॉग-पोस्ट_२३' अशा काहीतरी नावाने बसलेली असणार. दिसायला ते वाईटच आहे. तरीही जुनी नावं सुधारत बसू नका. पाट्यांवर तीच छापली आहेत, लोकांनी एकमेकांना पाठवली आहेत. पुढच्या नोंदींना मात्र प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या 'परमालिंक'मध्ये जाऊन रोमन लिपीत झाडाचं नाव द्या. एकदा नोंद प्रसिद्ध झाली की ते नाव बदलायचं नाही, असा नियम स्वतःला घालून घ्या.

आता दोन गोष्टी ज्या चुकूनही करायच्या नाहीत. ब्लॉगस्पॉटचं मूळ नाव सेटिंग्जमध्ये जाऊन बदलू नका. तिथे बदल केला तर जुन्या नावावरून नव्याकडे कोणी पाठवत नाही, जुने सगळे दुवे मरतात, वर ते नाव कोणालाही घ्यायला मोकळं होतं. आणि नवा पत्ता नीट चालू लागला म्हणून जुना ब्लॉग काढून टाकू नका. जुना आणि नवा असे दोन ब्लॉग मुळी नाहीतच, एकाच ब्लॉगला दोन दारं आहेत.

पाट्यांबद्दल एक गोष्ट तातडीने तपासा. २०१२ पासून काही वर्षं भारतात ब्लॉगस्पॉट उघडलं की पत्त्यातलं 'डॉट कॉम' आपोआप 'डॉट इन' व्हायचं. त्या काळात कोणी ब्राउझरमधून दुवा उचलून क्यूआर कोड बनवला असेल, तर त्यात 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' गेलं असणार. त्या नावाची नोंदणी २०२० मध्ये सुटली आणि ते दुसऱ्याच्या हाती गेलं. भारतातल्या ब्लॉगांचे लाखो दुवे एकदम निकामी झाले. अशा पाट्यांना कुठलाही ३०१ वाचवू शकत नाही, कारण त्या दारावर आता तुमचा हक्क नाही. त्या नव्याने छापाव्या लागतील. भाच्याला फोन घेऊन बागेत पाठवा, प्रत्येक कोड स्कॅन करून आत कोणता पत्ता आहे तो वहीत लिहून आणायला सांगा. डॉट इनच्या निघतील त्या वेगळ्या काढा, डॉट कॉमच्या तशाच राहू द्या. आणि नव्या पाट्यांचे कोड तुमचा स्वतःचा पत्ता सुरू झाल्यावरच बनवा, म्हणजे पुन्हा कोणाच्या नावावर अवलंबून राहायला नको.

यावरून पत्ता विकत घेण्याकडे वळते. नोंदणीत मालक म्हणून तुमचं नाव हवं, तुमचा फोन आणि तुम्ही रोज उघडता तो ईमेल हवा. भाच्याचा नको, तो कितीही गुणी असला तरी. उद्या तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या न वापरल्या जाणाऱ्या खात्यात पडून राहिली, तर पत्ता तुमच्या हातून जाईल. 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम', दोन्ही चालतील. पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका, तो आमिषाचा असतो. दुसऱ्या वर्षी किती लागतात ते पाहा. साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला जातील. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. तुम्ही निदान तीन ते पाच वर्षांची करा आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. मुदत संपून सुटलेली नावं हेरणारे लोक टपलेले असतात; एका चांगल्या मराठी पत्त्यावर जुगाराची जाहिरात लागलेली मी पाहिली आहे, आणि ती पाहून जिवाला फार लागतं.

काम सुरू करण्याआधी सगळ्याची प्रत उतरवा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि अर्धे जण पुढे ढकलतात. सेटिंग्जमध्ये 'बॅक अप कंटेंट' दाबलं की एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात नोंदी आणि प्रतिक्रिया असतात, फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. म्हणून मूळ फोटो तुमच्याकडे हार्ड डिस्कवर आहेत का ते पाहा. नसतील तर आधी ते उतरवून घ्या. २०११ मध्ये टेकडीवर काढलेला काटेसावरीचा फोटो पुन्हा काढता येणार नाही, त्या जागी आज ते झाड असेलच असंही नाही. प्रतिक्रियांबद्दल इतकंच, की गूगल प्लसमार्फत आलेल्या प्रतिक्रिया ती सेवा २०१९ मध्ये बंद झाली तेव्हाच गेल्या. साध्या ब्लॉगर प्रतिक्रिया शाबूत असतील.

पत्ता जोडायची रीत फार अवघड नाही. जिथून पत्ता घेतला तिथे डीएनएसचं (कोणता पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा त्या नोंदवहीचं) पान असतं, त्यावर दोन 'सीनेम' प्रकारच्या नोंदी कराव्या लागतात. एक 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची, ती 'जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम'कडे बोट दाखवते. दुसरी, पत्ता तुमचाच आहे हे ब्लॉगरला पटवण्यासाठीची. तिचे मूल्य ब्लॉगर तुम्हाला दाखवतो, ते जसंच्या तसं चिकटवायचं. शिवाय त्याच पानावर 'ए' प्रकारच्या चार नोंदी घालायच्या आणि 'रीडायरेक्ट डोमेन' चालू करायचं, म्हणजे कोणी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लिहिता पत्ता दिला तरी पान उघडतं. या नोंदी जगभर पोचायला काही तास लागतात, कधी एखादा दिवस. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदल करू नका. मग 'एचटीटीपीएस' (पान सुरक्षित जोडणीतून उघडण्याची सोय) चालू करा. त्यालाही थोडा वेळ लागतो. हे झाल्याशिवाय कोणाला नवा पत्ता कळवू नका, नाहीतर ब्राउझर 'हे ठिकाण सुरक्षित नाही' म्हणून वाचकाला परत पाठवेल. सगळं झालं की पुन्हा बागेत जा आणि डॉट कॉमची प्रत्येक पाटी स्कॅन करा. नवा पत्ता आणि तेच झाड दिसलं, तर काम झालं. आणि हे बहाव्याच्या फुलण्यात नको. एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लटकले की लोक नाव शोधायला येतात. पावसाळ्यात निवांत करा.

वर्डप्रेसला माझा विरोध नाही, मी स्वतः तिथे काम करते. पण तुमच्यासाठी आत्ता नको. तिथे गेलात की जागेचं भाडं, सुरक्षेचे बदल, बिघाड, सगळं तुमच्या अंगावर येतं, आणि प्रत्येक जुन्या दुव्याचं नातं नव्याने जुळवावं लागतं. त्यात मराठीची एक खास अडचण आहे. वर्डप्रेस शीर्षक देवनागरीतच दुव्यात घालतो. दिसायला ते छान दिसतं, पण आतून प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हामागे नऊ खुणा. 'पांगारा' यात सात चिन्हं आहेत : प, काना, अनुस्वार, ग, काना, र, काना. त्रेसष्ट खुणा झाल्या, नुसत्या पांगाऱ्याच्या. दुव्यातल्या नावाची मर्यादा दोनशे खुणांची, त्यामुळे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक तुटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की टक्क्यांची लांबच लांब रांग दिसते आणि लोकांना तो फसवणुकीचा दुवा वाटतो. पुढे कधी जायचं ठरलंच, तरी पत्ता तुमचा असल्यामुळे तो बरोबर नेता येईल. जुन्या ब्लॉगस्पॉटवरून येणाऱ्यांना तेव्हा मध्ये एक सूचनेचं पान लागेल, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

देवनागरी पत्त्याचा मोह मलाही होतो. 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं, मराठी नाव मराठी लिपीत लिहिता येतं. घ्या, पण दुसरं दार म्हणून, आणि तिथून मुख्य रोमन पत्त्याकडे पाठवा. अजून पुष्कळ अर्जांत आणि अ‍ॅपांत देवनागरी पत्ता टाकला की तो चुकीचा ठरतो. मुख्य पत्ता सगळीकडे चालणारा हवा.

आता अक्षरांकडे येते, कारण सुटी सुटी अक्षरं तुमच्या डोळ्यांनी बरोबर पकडली आहेत. मी अक्षरजुळणी अप्पा बळवंत चौकात शिकले, पेजमेकर आणि श्रीलिपीवर. तिथल्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की देवनागरीत अक्षर रेघेला लटकतं, रेघ तुटली की शब्द तुटला. तुमच्या भाच्याची थीम रोमन अक्षरांसाठी बनलेली आहे. रोमन शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये मुद्दाम एक-दोन पिक्सेल जागा सोडलेली असते. 'लेटर स्पेसिंग' नावाची ती एक ओळ आहे. तीच ओळ मराठीला लागली की शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. फोनवर बोटांनी मोठं करून 'तामण' पाहा : ता, म, ण, तिघांच्या डोक्यावर वेगवेगळ्या रेघा, मध्ये बारीक फटी. थीमच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये) जिथे जिथे लेटर स्पेसिंग आहे तिथे शून्य करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळं पान एकदम मराठी दिसायला लागतं.

त्याच बैठकीत ओळींमधलं अंतरही वाढवा. थीमवाले ते १.४ ठेवतात. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. १.७ करून पाहा. अक्षराचा आकार निदान १८ पिक्सेल. तिरकी अक्षरं बंद. झाडांची लॅटिन नावं मात्र तिरकी ठेवा, ती शास्त्राची रीत आहे आणि रोमनमध्ये ती शोभतात. फिकट करडी अक्षरं नकोत, तुमचे निम्मे वाचक तुमच्याच वयाचे असणार.

फॉन्ट निवडताना थीममधला फॉन्ट देवनागरी जाणतो का ते आधी पाहा. जाणत नसेल तर प्रत्येक फोन आपापलं अक्षर दाखवतो आणि तुम्हाला दिसतं ते वाचकाला दिसत नाही. गूगल फॉन्ट्सवर 'मुक्त' आहे, 'नोटो' आहे, सगळे मोफत. मला तुमच्यासाठी 'तिरो देवनागरी मराठी' आवडेल : पुस्तकी वळण, आणि ल व श आपण शाळेत गिरवले तसे, हिंदी वळणाचे नव्हेत. ब्लॉगच्या सेटिंग्जमध्ये भाषा मराठी निवडा, तारखा आणि महिनेही मराठीत येतील. मग एक ओळ टंकून पाहा : 'सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतला वृक्ष वाऱ्यावर डोलतो.' दऱ्याखोऱ्यांतला आणि वाऱ्यावरचा अर्धा र नीट आडवा आला, ह्या आणि द्री फुटले नाहीत, की फॉन्ट पास. साध्या फोनवरही पाहा, नुसत्या भाच्याच्या लॅपटॉपवर नको.

रूपाबाबत आणखी एक मागणं, माझ्या आवडीचं. वर सरकणारी चित्रं ठेवण्यापेक्षा झाडांची अकारविल्हे यादी ठेवा, प्रत्येक नावापुढे फुलण्याचे महिने. त्यासाठी लागणारी लेबलं (नोंदींना लावलेल्या विषयांच्या चिठ्ठ्या) तुमच्याकडे आधीच असणार. अशी यादी मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडते आणि तुमच्याकडे तिचा माल तयार आहे. पत्ता आणि रूप एकाच दिवशी बदलू नका. आधी पत्ता, तो स्थिरावला की रूप. काही बिघडलं तर कशामुळे ते कळतं.

प्रश्न : माझ्या कवितांच्या संकेतस्थळाचा पत्ता ज्यांनी ते बनवून दिलं त्यांच्या नावावर आहे. आता ते फोन उचलत नाहीत. काय करू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी कविता वाचवा, पत्ता नंतर. आज रात्रीच प्रत्येक पान उघडून मजकूर स्वतःकडे उतरवा, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये प्रत्येक पानाची प्रत जतन करा. ते फुकट आहे. मग त्यांना फोन न करता लेखी ईमेल पाठवा. पत्ता माझ्या नावावर करून द्या किंवा हस्तांतरासाठी लागणारा सांकेतिक शब्द द्या, अशी साधी मागणी करा आणि पैसे दिल्याची पावती जोडा. ओळखीचं माणूस मध्ये घालता आलं तर घाला, आपल्याकडे त्याने काम होतं. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, त्यामुळे दाद मिळाली नाही तर फार झगडू नका. तुमच्या स्वतःच्या नावाने दुसरा पत्ता घ्या आणि सगळ्या ओळखीत तो कळवा. कविता तुमच्या आहेत, त्या कुठेही पुन्हा मांडता येतात.

प्रश्न : कॉलेजमध्ये असताना लिहिलेल्या जुन्या नोंदी आता कच्च्या वाटतात. नव्या पत्त्यावर जाताना त्या गाळू का?
— एक वाचक, डेक्कन

उत्तर : कच्च्या आहेत म्हणून नका गाळू. कोणीतरी त्या वाचल्या आहेत, कोणी कुठे दुवा दिला आहे. माहिती चुकली असेल तर वर तारीख घालून दुरुस्ती लिहा, खालचं तसंच ठेवा. दुसऱ्या कोणाच्या खाजगी आयुष्यातलं काही तुम्ही तेव्हा लिहून गेला असाल तर ते मात्र आजच काढा, तिथे दुव्याची पर्वा करू नका. ज्यांच्याबद्दल ठरत नाही त्या नोंदी कायमच्या पुसण्याऐवजी मसुद्यात टाका. मन बदललं तर तिथून परत प्रसिद्ध करता येतात, प्रतिक्रियांसकट.